मुठीला टाकी



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही "मूठ" एवढेच सांगितले. त्यांची समजूत अशी झाली की, कामगार संघटनेचा माणूस आहे, तेव्हा आवळलेल्या मुठीविषयी, म्हणजे संप, मोर्चे आणि घोषणा यांविषयी बोलणार. त्यांनी जरा काळजीच्या स्वरात, "आप्पा, श्रोत्यांत व्यापारी मंडळीही असतात," असे सुचवूनही पाहिले. तर त्या मंडळींनी निर्धास्त असावे. आज ज्या मुठीविषयी बोलायचे आहे ती हत्याराची मूठ होय. सुरीची, विळ्याची, बंदुकीची आणि प्रथम, आपणांस नवल वाटेल, पिस्तुलाची.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्याला वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून अशा व्यासपीठांवर बहुधा विद्वान माणसे येत आली आहेत. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काय झाले ते रात्रपाळी संपल्यावर व. वा. वाचनालयाच्या बाकावर, इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन झाले. त्यामुळे आमच्या बोलण्यात कुठे शिवण उसवलेली दिसली तर सांभाळून घ्यावे.

विषय सुचला तो असा. आमच्या गल्लीत एक पोरगा आहे. औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे, म्हणजे डाय, बनविणाऱ्या एका कारखान्यात तो कामाला जातो. हाताचा फार चांगला. एका संध्याकाळी तलावाकाठी आम्ही बसलो असता त्याने मोबाईलवर एक चित्रफीत दाखविली. अमेरिकेतला कोणी माणूस टेबलाशी बसला आहे, समोर प्लॅस्टिकच्या अंगाचे काळे पिस्तूल आहे, आणि रेडिओ दुरुस्तीवाला डाख देतो तसली तापलेली सळई हातात घेऊन तो पिस्तुलाच्या मुठीवर एकेक ठिपका उठवतो आहे. ठिपक्याला लागून ठिपका. हजारभर तरी असतील. पोरगा म्हणाला, "आप्पा, हा बघा, पिस्तुलाला टाकी लावतोय."

टाकी! त्या एका शब्दाने आमचे डोळे उघडले. सभेत बसलेल्या वडील मंडळींना तो शब्द सांगावयास नको. पण ज्यांच्या घरी जन्मापासून मिक्सरच आहे अशा मुलांसाठी सांगतो. पाटा-वरवंटा वापरून वापरून गुळगुळीत होतो. मग चटणी वाटली जात नाही, नुसती सरकते. खोबरे वरवंट्याखालून पळते. अशा वेळी "पाट्याला टाकी लावायची का, टाकीऽ" असा पुकारा करीत माणसे दारावर येत. छिन्नी आणि हातोडी घेऊन दगडावर टकटक ठिपके उठवीत, आणि दगडाला पुन्हा दात येत. या धंद्यावरूनच एका जातीला टकारी असे नाव पडले. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्यानंतर ज्या जमाती जन्मतःच गुन्हेगार म्हणून नोंदविल्या, त्यांच्या यादीत अशा कारागीर जातीही घातल्या गेल्या. तो डाग १९५२ साली कायद्याने पुसला गेला. लोकांच्या मनातून किती पुसला हे आपण जाणताच. ज्याने घरोघरच्या पाट्याला दात दिले त्याचे नाव चोरांच्या यादीत! असो. त्या पुस्तकाची पाने आज उलटत नाही.

आता पिस्तुलाकडे वळू. पिस्तुलाला टाकी लावण्याची गरज का पडावी? जुन्या पिस्तुलांचे अंग पोलादाचे असे आणि मुठीला दोन्ही बाजूंनी अक्रोडाच्या लाकडाच्या पट्ट्या असत. त्या लाकडावर कारागीर शंकरपाळ्यासारखी बारीक जाळी कापीत. एका इंचात वीस-बावीस रेघा, आणि तितक्याच त्यांना छेदणाऱ्या. हे काम हाताचे, डोळ्याचे आणि म्हणून महागाचे. पुढे प्लॅस्टिक आले. १९७० साली जर्मनीत हेकलर अँड कोख या कंपनीने प्लॅस्टिकच्या अंगाचे पिस्तूल काढले, पण ते फारसे चालले नाही. मग ऑस्ट्रियात ग्लॉक नावाचे एक गृहस्थ पुढे आले. बंदुका करण्याचा त्यांचा धंदा नव्हता. पडद्यांच्या दांड्या आणि सैन्यासाठी सुऱ्या असला माल ते करीत. प्लॅस्टिक मात्र त्यांना कळत होते. त्यांचे पिस्तूल ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ साली पत्करले आणि त्यानंतर पिस्तुलांच्या जगाचा नूरच पालटला. आपल्याकडे राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो तेच पिस्तूल बाळगतात.

नायलॉनच्या जातीचे हे प्लॅस्टिक हलके, गंजत नाही, उन्हात पोलादासारखे चटकत नाही. पोलादी पिस्तूल रिकामे असताही किलोच्या वर भरते, हे पाऊण किलोच्या आत. दिवसभर कमरेला बाळगणाऱ्याला केवढे सुख! परंतु वजन कमी झाले की धक्का वाढतो. गोळी पुढे जाते त्या क्षणी पिस्तूल मागे आणि वर उसळते. जड वस्तू कमी उसळते, हलकी अधिक. म्हणजे मूठ जितकी हलकी, तितकी ती हाताने घट्ट धरून ठेवावयास हवी, आणि नेमकी तीच मूठ साच्यातून येते ती गुळगुळीत!

गुळगुळीत का, याचे उत्तर आमच्या त्या पोराने दिले, आणि ते जळगावकरांना पटकन समजेल. आपले गावच पाइपांचे आणि चटयांचे. वितळलेले प्लॅस्टिक म्हणजे काय ते इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. साच्यात प्लॅस्टिक दाबून भरले, थंड झाले, साचा उघडला, वस्तू बाहेर ओढली. साच्याच्या भिंतीवर खोल दाणा कोरलेला असेल तर वस्तू निघताना त्या दाण्यांत अडकते, खरचटते. म्हणून दाणा जितका खोल, तितका भिंतीला उतार अधिक द्यावा लागतो. मुठीला असा उतार देत गेले तर ती मूठ राहत नाही, पेला होतो. तेव्हा कारखानदार मधला मार्ग काढतो: दाणा उथळ ठेवतो. शिवाय त्याला तीच मूठ हजारो हातांना विकायची असते. कोणाचा हात मऊ, कोणाचा घट्टे पडलेला. कोणालाच टोचू नये अशी मूठ तो करतो, आणि मग ती कोणाच्याच हातात नीट बसत नाही.

हातांची मापेही वेगवेगळी असतात, ही गोष्ट ग्लॉक कंपनीला मुठीमागे बसणारे लहानमोठे बदलते तुकडे देऊन मान्य करावयास २०१० साल उजाडावे लागले. अठ्ठावीस वर्षे! आमच्या मागण्या कारखानदार वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवतात म्हणून आम्ही ओरडतो. पण तिथे तर गिऱ्हाईक पैसे मोजून घेत होते.

यावर गिऱ्हाइकाने आपल्यापुरता तोडगा काढला. कोणी खरखरीत चिकटपट्टी लावतो, कोणी सायकलच्या ट्यूबचा तुकडा ओढून चढवतो, आणि कोणी तापल्या सळईने ठिपके देतो. नायलॉन सव्वादोनशे अंशांच्या आसपास मऊ होऊन वितळते; सळई टेकली की खड्डा पडतो आणि त्याच्या कडेने वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक कोर उभी राहते. बोटांची कातडी त्या कोरीवर अडते. पाट्यावर खोबरे अडते तशीच.

यात घामाचा मोठा वाटा आहे. तळहाताची कातडी शरीराच्या इतर कातडीसारखी नाही. तिथे केस नाहीत, आणि घामाच्या ग्रंथी दाटीने आहेत. शिवाय तळहात उन्हापेक्षा भीतीने अधिक घामेजतो. परीक्षेला बसलेल्या मुलाची उत्तरपत्रिका ओली होते ती उकाड्याने नव्हे. म्हणजे ज्या क्षणी हत्यार सर्वांत घट्ट धरायचे, त्याच क्षणी हात सर्वांत निसरडा! आमचे शेतकरी हे शास्त्र पुस्तकाविना जाणत आले. कोरड्या हाताने कुऱ्हाड उचलायची तर गडी तळहातावर थुंकतो. किंचित ओलीने पकड वाढते. आणि कुस्तीत घाम अतोनात झाला की पैलवान माती चोळतो. ओल थोडी असेल तर मित्र, फार झाली तर वैरी. तिथे मग खडबडीतपणाच उपयोगी पडतो, कारण घामाचा पातळ थर ठिपक्यांच्या खड्ड्यांत उतरतो आणि कडा कातडीला भिडतात.

पण रोज बाळगायच्या हत्याराची आणखी एक अडचण आहे, ती आम्हांला फार बोधक वाटली. मूठ फार खरखरीत केली तर ती हातात उत्तम बसते, परंतु दिवसभर कमरेशी घासून सदऱ्याचे अस्तर फाडते आणि बरगडीखालची कातडी सोलते. सरावाला शंभर गोळ्या झाडल्या तर तळहातही सोलते. म्हणून जाणता कारागीर अंगाकडची बाजू पॉलिश कागदाने जरा मवाळ करतो आणि बोटे जिथे दाबतात तिथेच दाणा तिखट ठेवतो. हे ठरविणार कोण? साचा करणारा नाही, विकणारा नाही. ज्याच्या कमरेला ते असते तोच ठरवू शकतो.

चित्रफीत पाहून पोराने विचारले, "आप्पा, हे काम मी डोळे मिटून करीन. इथे कोणाकोणाकडे परवान्याचं पिस्तूल आहे, त्यांना विचारू का?" आम्ही त्याला जागच्या जागी थांबविले. आपल्या देशात १९५९ चा शस्त्र कायदा आहे. परवान्यावाचून शस्त्र बाळगता येत नाहीच. पण परवान्यावाचून दुसऱ्याच्या शस्त्राची दुरुस्ती करून देणे, त्यात बदल करणे हाही गुन्हा आहे. त्याचे पूर्वज कलम १८७८ चे, लॉर्ड लिटनच्या काळातले. तो कायदा हिंदी माणसाच्या हातातून हत्यार काढून घेण्यासाठी केलेला होता. आताचा कायदा आपला आहे आणि आम्ही त्याच्या बाजूचे आहोत. अमेरिकेत भाजी आणायला जाणाराही कमरेला पिस्तूल लावतो आणि त्याची फळे तिथल्या शाळांतल्या मुलांना भोगावी लागतात. ते वारे इथे नको. चोपड्याच्या पलीकडे मध्य प्रदेशाच्या हद्दीत उमर्टी गाव आहे. गावठी पिस्तुलांमुळे त्याचे नाव वर्तमानपत्रांत वारंवार येते. तिथल्या शिकलगरांचा मूळ धंदा पात्यांना धार आणि झिलई देण्याचा. त्यांच्या नावाचा अर्थच तो. सगळा समाज गुन्हेगार म्हणणे हा तर टकाऱ्यांवर झालेल्या अन्यायाचाच दुसरा अंक होईल. पण हातात कसब आहे आणि त्याला उजळ माथ्याने विकण्याचा बाजार नाही, अशा माणसाचे काय होते हे सातपुड्याच्या पायथ्याशी जाऊन पाहावे. आमच्या गल्लीतल्या पोराला आम्ही म्हणूनच जरा दरडावून सांगितले.

पिस्तुलाला टाकी लावण्याचा प्रश्न, तेव्हा, मेहरूणात उद्भवत नाही. आमच्या जिल्ह्यात वरणगावला काडतुसे होतात. त्या कारखान्यातल्या बंधूंनी २०२१ साली आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या करण्याला विरोध केला, तेव्हा संपावर बंदी घालणारा वटहुकूम निघाला. त्यावर एक वेगळे व्याख्यान होईल. पिस्तूल मात्र इथल्या साध्या माणसाच्या हातात नाही. पण रोज बाळगायचे शस्त्र आहे! आपण ते रोज पाहता आणि पाहत नाही. बँकेच्या दाराशी, नोटांच्या गाडीशी, सराफाच्या पेढीसमोर स्टुलावर बसलेल्या रक्षकाची बारा बोअरची दुनळी बंदूक.

हे रक्षक आमच्या संघटनेत येऊ लागले तेव्हा कळले की, पुष्कळांना नोकरी मिळते ती त्यांच्याजवळ स्वतःचा परवाना आणि स्वतःची बंदूक आहे म्हणून. बंदूक त्याची, परवान्याच्या नूतनीकरणाचा खर्च त्याचा, दुरुस्ती त्याची, पगार रक्षकाचा. महाराष्ट्रात खासगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ चा कायदा आहे, नोटांच्या गाडीत दोन शस्त्रधारी रक्षक हवेत असा केंद्राचा २०१८ चा नियमही आहे. पण रक्षकाच्या बंदुकीची मूठ कशी असावी हे कोणत्याच कायद्यात नाही, आणि असावे असे कोणाला सुचलेलेही नाही.

एक सभासद, पन्नाशीचा, धुळ्याकडचा, अहिराणी बोलणारा. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर असताना हा बारा तास बंदूक धरून उभा. बंदूक त्याच्या वडिलांची. मुठीवरची जाळी दोन पिढ्यांच्या तळहातांनी पुसून टाकलेली, त्यावर वार्निश. तो आम्हांला म्हणाला, "हात सटकस ना, आप्पा." त्याने प्रथम सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. उन्हाने रबर चिघळले आणि हात काळे होऊ लागले. मग सुती दोरी गुंडाळली. ती घाम पिऊन घेई, पकड चांगली बसे. पण रक्षक पुरविणाऱ्या एजन्सीचा तपासनीस आला आणि म्हणाला, "हे काय भिकाऱ्याच्या काठीसारखं केलं आहे? बँकेची अब्रू जाते. काढ." त्याने काढली.

आठवड्याने पायरी चढताना बंदूक निसटून फरशीवर पडली. सुदैवाने नळ्यांत काडतुसे नव्हती. दाराशी पेन्शनीसाठी आलेल्या म्हाताऱ्या बायांची रांग होती. काडतुसे असती तर काय झाले असते याचा विचार आम्ही अजूनही मध्यरात्री करतो. एजन्सीने त्याला निष्काळजीपणाची नोटीस दिली.

त्या नोटिशीच्या उत्तरासाठी आम्ही त्याच्याबरोबर गेलो. भांडण फार लांबले नाही. आम्ही टेबलावर बंदूक ठेवली, साहेबांच्या हातावर पेल्यातले थोडे पाणी ओतले आणि म्हणालो, "साहेब, आता उचला." साहेब सज्जन होते, त्यांनी उचलली, आणि ती कशी फिरते ते त्यांना कळले. नोटीस मागे घेतली गेली. परवाना असलेल्या कारागिराकडून जुनी जाळी पुन्हा कापून घ्यावी आणि निम्मा खर्च एजन्सीने द्यावा असे ठरले. निम्माच का, हे आम्हांला तेव्हाही पटले नव्हते. पण ठरले.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे सांगावयास उभे राहिलो, ती सांगतो. ती सांगणे आम्हांला सोपे नाही.

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात आमची संघटना नवी नवी होती. साच्यातून निघालेल्या वस्तूच्या कडेला जो पातळ पापुद्रा राहतो, तो सुरीने कापावा लागतो. पाळीभर तेच काम, हजारो वेळा. वस्तू साच्याला चिकटू नये म्हणून साच्यावर सिलिकॉनचा फवारा मारीत. तो वस्तूवर येई, वस्तूवरून हातावर, हातावरून सुरीच्या मुठीवर. मूठ गुळगुळीत प्लॅस्टिकची. पोरे तिच्यावर सुतळी गुंडाळीत. सुतळीचे धागे मालाला चिकटतात म्हणून ती मनाई झाली. तेव्हा एका कामगाराने, तिशीतला होता, घरून सळई तापवून आणून आपल्या सुरीच्या मुठीवर ठिपके दिले. अमेरिकेतला तो माणूस देतो तसेच. त्याने चित्रफीत पाहिली नव्हती. त्याच्या आईचा पाटा पाहिला होता. त्या मुठीने काम इतके सोपे झाले की शेजारचे तीच सुरी मागू लागले. मग साहेबांची फेरी आली आणि कंपनीच्या मालाची नासधूस केली म्हणून ती सुरी जप्त झाली.

त्या वर्षी मागण्यांचा खलिता तयार होत होता. या कामगाराने आग्रह धरला की एक कलम घाला: सुऱ्यांच्या मुठी कामगारांच्या पसंतीने खडबडीत करून मिळाव्यात. सतरावे कलम होते. समितीत हशा पिकला. बोनस, महागाई भत्ता, कायम करणे, आणि शेवटी सुरीची मूठ! एक जण म्हणाला, मालक हे वाचून हसेल आणि मग बोनसही हसण्यावारी नेईल. खलित्याचा कागद आमच्या हातात होता, चिटणीस आम्ही होतो. आम्ही पेन घेतले आणि सतरावे कलम खोडले. तो काही बोलला नाही. "तुम्हाला बरं वाटतं तसं करा, आप्पा," एवढेच म्हणाला.

आठ महिन्यांनी, रात्रपाळीत, पहाटे चारच्या सुमारास त्याचा हात मुठीवरून पात्यावर घसरला. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट, दोन्हींच्या शिरा तुटल्या. तो ठेकेदारामार्फत लागलेला, कामगार विम्याचे कार्ड निघालेले नव्हते. सिव्हिलमध्ये टाके पडले, पण शिरा जुळल्या नाहीत. ती दोन बोटे आजही वळत नाहीत. हिवाळ्यात तो मेहरूणची बोरे गाडीवर विकतो, उन्हाळ्यात कलिंगड. तराजू डाव्या हाताने धरतो. आपल्यापैकी कित्येकांनी त्याच्याकडून बोरे घेतली असतील. बोनस त्या वर्षी बरा मिळाला होता.

त्यानंतर आम्ही वाचू लागलो. हाताविषयी जे मिळेल ते. १९११ साली इटलीत लोरिगा नावाच्या डॉक्टरने खाणीतल्या दगडफोड्यांची बोटे पांढरी पडतात हे लिहून ठेवले. १९१८ साली अमेरिकेत ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाई इंडियाना राज्यातल्या बेडफर्डला गेल्या. तिथे हवेच्या दाबाच्या हातोड्याने चुनखडी कोरणारे कामगार थंडीच्या सकाळी बोटे मेल्यासारखी झाल्याची तक्रार करीत. हत्याराच्या कंपाने रक्त आटते, आणि मूठ जितकी आवळून धरावी तितका कंप हातात अधिक उतरतो. मग विचार करा: मूठ निसरडी असेल तर कामगार ती अधिक आवळणार, अधिक आवळली की अधिक कंप. आमच्या वसाहतीत ग्राइंडर चालविणारी पोरे चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात, ते का, हे आम्हांला तेव्हा कळले.

आणि कॅलिफोर्नियाची गोष्ट तर प्रत्येक शेतमजुराला सांगावी अशी आहे. तिथल्या मळ्यांत खुरपणीला एक-दीड फुटाच्या दांड्याचे कुदळीसारखे अवजार देत. मजुराने दिवसभर कमरेत वाकून राहायचे. मळेवाले म्हणत, लांब दांड्याने पीक दुखावते. मुकादमाला मात्र त्यात एक सोय होती: जो ताठ उभा दिसेल तो काम करीत नाही, हे लांबून कळे. पाठी मोडलेल्या मजुरांनी खटला लढविला, सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेने तो प्रश्न लावून धरला, आणि १९७५ साली त्या आखूड दांड्याच्या अवजारावर बंदी आली. पीक काही बुडाले नाही. एका दांड्याची लांबी हा कामगार चळवळीचा विषय होऊ शकतो, हे आम्ही वाचनालयाच्या बाकावर वाचले, आणि खोडलेले सतरावे कलम डोळ्यांपुढे उभे राहिले. आपल्या खानदेशातल्या बाया कपाशीत विळा घेऊन उकिडव्या बसून निंदणी करतात. त्यांच्या विळ्याची मूठ कधी कोणी हातात घेऊन पाहिली आहे काय? सुतार ती रंधून गुळगुळीत करून देतो, कारण गुळगुळीत ती चांगली दिसते. बाई घरी आणून तिच्यावर चिंधी गुंडाळते. ती चिंधी हा खरे म्हणजे तक्रार अर्ज आहे. वाचणारा कोणी नाही इतकेच.

पुढच्या करारात आम्ही ते कलम पहिल्या पानावर घातले. व्यवस्थापक बदललेले होते, त्यांनी विचारले, "कसली मूठ हवी?" आम्ही म्हणालो, आम्ही सांगणार नाही, ज्यांना धरायची ते सांगतील. मग एका दुपारी, पाळी बदलताना, पाच तऱ्हेच्या सुऱ्या टेबलावर ठेवल्या. एक परदेशी, मऊ रबराची, दिसायला फार देखणी. एक लाकडी. एक खाचा पाडलेली. एक जुनीच गुळगुळीत. आणि पाचवी, त्या जखमी कामगाराने केली होती तशी ठिपक्यांची, दुसऱ्याने करून आणलेली. हाताला सिलिकॉन चोळून प्रत्येकाने प्रत्येक सुरीने दहा-दहा तुकडे कापायचे आणि मग चिठ्ठी टाकायची. रबराची मूठ हरली. सिलिकॉनने ती साबणासारखी झाली. लाकडी मूठ कोरडी असता छान, ओली झाली की फुगे. बहुतेक चिठ्ठ्या ठिपक्यांच्या मुठीला पडल्या. पण बायकांनी एक दुरुस्ती सुचविली: ठिपके तळहाताखाली नकोत, कातडी सोलते, बोटांच्या बाजूला द्या, आणि मूठ थोडी बारीक करा, कारण आमचे हात लहान. खर्च? दर सुरीमागे दोन कप चहाचा देखील नव्हता.

त्या दिवशी आम्ही संध्याकाळी बोरांच्या गाडीवर गेलो आणि त्याला हे सांगितले. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "ठिपके किती खोल दिले? फार खोल दिले तर घाण भरते. मी तेव्हाच सांगणार होतो." आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिले. खरोखरच भरत होती. खोली कमी करून घेतली.

चिटणीस घड्याळ दाखवीत आहेत. ती सुरी आज आम्ही बरोबर आणली आहे. पाते काढून नुसती मूठ. त्या डायवाल्या पोराने आता ठिपके साच्यातच बसविता यावेत म्हणून एक नमुना केला आहे, तोही शेजारी ठेवला आहे. उतार अजून साधलेला नाही, मूठ निघताना खरचटते असे त्याचे म्हणणे. दोन्ही इथे टेबलावर आहेत. जाताना आपण, विशेषतः ज्यांच्या हाताला रोजचे काम आहे त्यांनी, हातात धरून पाहाव्यात आणि कुठे टोचते ते त्याला सांगावे. तो मागच्या रांगेत बसला आहे.